अणुभट्टीच्या बंद इमारतीत किरणोत्सार किती, हे बाहेर कसं कळतं?

येरवड्यापासून तारापूर अणुऊर्जा केंद्र सरळ रेषेत सुमारे १९० किलोमीटरवर आहे. तिथं काही बिघडल्याचा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर आला, तर तो खरा की खोटा हे कसं ओळखाल? त्यासाठी आधी आतला किरणोत्सार मोजतात कसा, हे पाहू.

माणूस आत का जात नाही?

पालघर जिल्ह्यातल्या तारापूरमध्ये १९६९ पासून अणुवीज तयार होते. तिथल्या ५४० मेगावॅटच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीभोवती काँक्रीटचं दुहेरी आवरण आहे. अपघात झालाच, तर किरणोत्सारी वाफ आणि वायू आतच अडवणं हे त्याचं काम. अशा वेळी आत जाणं जिवावर बेतू शकतं. त्यामुळे आतली खबर यंत्रांकडूनच मिळते.

ही यंत्रं कशी चालतात?

मुख्य यंत्र म्हणजे आयनीकरण कक्ष. वायू भरलेल्या बंद धातूच्या डब्यात दोन इलेक्ट्रोड असतात. गॅमा किरण वायूतून गेले की विद्युतभारित कण तयार होतात आणि अगदी बारीक प्रवाह वाहतो. किरणोत्सार वाढला की प्रवाहही वाढतो.

साधा गायगर काउंटर इथे चालत नाही. मारा फार वाढला की तो गोंधळतो आणि चक्क कमी आकडा दाखवू शकतो.

उष्णता आणि वाफेत नाजूक सर्किट टिकत नाहीत. म्हणून ती बाहेर ठेवतात आणि आतून फक्त विशेष केबल येते. हवेतलं आयोडीन, धूलिकण आणि वायू तपासणारी यंत्रं वेगळी असतात. छोटी गळती त्यांना लवकर कळते.

धडा कुठून मिळाला?

२८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड इथे गाभ्याचा मोठा भाग वितळला. त्यानंतर तिथल्या नियामकांनी प्रत्येक अणुभट्टीच्या इमारतीत, एकमेकांपासून दूर, किमान दोन मापक सक्तीचे केले. गॅमा किरणांसाठी त्यांची क्षमता तासाला १ कोटी रॉन्टजेनपर्यंत हवी, असंही ठरलं.

फॉरवर्ड करण्याआधी काय पाहाल?

आकडा आतला की बाहेरचा? एकक कोणतं? १ मिलिसीव्हर्ट म्हणजे १,००० मायक्रोसीव्हर्ट. तासाचा आकडा की वर्षाचा? भारतात सामान्य नागरिकासाठी, नैसर्गिक किरणोत्सार वगळून, वर्षाला १ मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे. बाहेरच्या वातावरणावर भाभा अणुसंशोधन केंद्राचं देशव्यापी जाळं सतत नजर ठेवतं.

ज्या मेसेजमध्ये जागा, एकक आणि वेळ यांपैकी काहीच नाही, तो पुढे पाठवू नका.