मोठ्या आतड्याचा कर्करोग: तपासणीचं वय ५० वरून ४५ वर का आलं?

'ब्लॅक पँथर'चे नायक चॅडविक बोसमन यांचं २८ ऑगस्ट २०२० रोजी निधन झालं, तेव्हा ते अवघे ४३ वर्षांचे होते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने ते गेले, हे चाहत्यांना त्याच दिवशी पहिल्यांदा कळलं. निदान २०१६ मध्ये झालं होतं, तेही तिसऱ्या टप्प्यावर. त्या काळात अमेरिकेत बहुतेकांना या कर्करोगाची तपासणी पन्नाशीनंतर सुरू करा, असं सांगितलं जायचं. बोसमन तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होते.

तरुणांमध्ये प्रमाण खरंच वाढलंय का?

हो. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या आकडेवारीनुसार, तिथे १९९५ मध्ये या कर्करोगाच्या नव्या रुग्णांपैकी ११ टक्के रुग्ण ५५ पेक्षा कमी वयाचे होते. २०१९ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. याच काळात ज्येष्ठांमध्ये मात्र हा आजार कमी होत गेला. नियमित तपासणी हे त्याचं एक मोठं कारण. अर्थात आजही बहुतेक रुग्ण पन्नाशीच्या पुढचेच असतात, हेही लक्षात ठेवायला हवं.

नियम कधी बदलला?

अमेरिकन कॅन्सर सोसायटीने २०१८ मध्ये सुरुवातीचं वय ४५ केलं. मे २०२१ मध्ये यूएस प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सनेही तीच शिफारस केली. जपानमध्ये चाळिशीपासूनच दरवर्षी शौचाची तपासणी केली जाते. भारतात सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी होते, आतड्याच्या कर्करोगाचा त्यात समावेश नाही. त्यामुळे इथे लक्षणं ओळखणं आणखी महत्त्वाचं ठरतं.

तपासणीत नेमकं काय करतात?

मुख्य पर्याय दोन आहेत.

• शौचाची तपासणी (फिट टेस्ट): घरीच घेतलेल्या छोट्या नमुन्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त आहे का, हे पाहतात. ती दरवर्षी करायची असते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे कर्करोग झालाच असं नाही, पण त्यानंतर कोलोनोस्कोपी टाळू नये.

• कोलोनोस्कोपी: आदल्या दिवशी औषध देऊन पोट पूर्ण साफ करतात आणि मग गुदद्वारातून लवचीक दुर्बीण घालून आतडं आतून पाहतात. काही आढळलं नाही आणि धोका सामान्य असेल, तर पुढची तपासणी दहा वर्षांनी.

हा कर्करोग बहुतेक वेळा पॉलिप नावाच्या लहान गाठीतून सुरू होतो. तिचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं लागू शकतात. कोलोनोस्कोपी करतानाच ही गाठ काढता येते, म्हणजे कर्करोग होण्याआधीच रोखता येतो.

वय ४५ पेक्षा कमी असेल तर?

इथेच अनेकांची गल्लत होते. ४५ हे वय काहीही त्रास नसलेल्या, सामान्य धोका असलेल्या लोकांसाठी आहे. लक्षणं असतील तर वयाची अट लागू होत नाही. डॉक्टरांकडे लगेच जायला हवं. तरुणांमध्ये चार लक्षणं विशेष महत्त्वाची मानली जातात:

• शौचातून रक्त जाणं
• सतत पोट दुखणं
• बरी न होणारी जुलाबाची तक्रार
• लोहाच्या कमतरतेमुळे झालेला ॲनिमिया

रक्त दिसलं की 'मूळव्याध असेल' म्हणून मलम लावून दिवस काढले जातात. बऱ्याचदा ती मूळव्याधच असते, पण हे तपासणीनंतर डॉक्टरांनी सांगायचं, आपण ठरवायचं नाही.

घरातला इतिहासही तितकाच महत्त्वाचा. आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कुणाला हा कर्करोग झाला असेल, तर चाळिशीपासून किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी सुरू करावी, असं तज्ज्ञ सांगतात. वडिलांना ४८ व्या वर्षी निदान झालं असेल, तर मुलांची तपासणी ३८ व्या वर्षी. लिंच सिंड्रोमसारखा आनुवंशिक दोष असेल, तर त्याहूनही लवकर.

प्रमाण वाढण्याचं कारण काय?

एकच एक कारण सापडलेलं नाही. लठ्ठपणा, बैठं काम, मद्यपान, धूम्रपान आणि प्रक्रिया केलेलं मांस यांमुळे धोका वाढतो. आतड्यातल्या काही जिवाणूंच्या विषारी द्रव्याचा संबंधही शोधला जातोय. मात्र अनेक तरुण रुग्णांमध्ये यातलं ठळक असं काहीच नसतं. त्यामुळे 'मी रोज व्यायाम करतो, मला काय होणार?' असं म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष करणं महागात पडू शकतं.

कर्करोग आतड्यापुरता मर्यादित असताना सापडला, तर अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार सुमारे ९० टक्के रुग्ण किमान पाच वर्षं जगतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर हे प्रमाण २० टक्क्यांच्याही खाली येतं. म्हणून आज दोनच गोष्टी करा: घरात कुणाला हा आजार झाला होता का आणि कोणत्या वयात, हे विचारून ठेवा. आणि शौचात रक्त दिसलं, तर लाजेपोटी गप्प बसू नका.