संगीतसभांचे मिश्र ध्वनिमुद्रण

संगीतसभा चालू असताना मिश्रणफलकावरून थेट घेतलेला विद्युत् संकेत आणि रंगमंचावर अथवा श्रोत्यांमध्ये ठेवलेल्या मायक्रोफोनांनी टिपलेला ध्वनी यांचा मेळ घालून केलेले ध्वनिमुद्रण. अमेरिकेतील हौशी ध्वनिमुद्रकांत ते ‘मेट्रिक्स’ या नावाने रूढ आहे.

रंगमंचावरील संगीत यंत्राने टिपण्याचे प्रयत्न बरेच जुने आहेत. क्लेमां आदेर यांनी १८८१ मध्ये पॅरिसच्या ऑपेरागृहात रंगमंचाच्या कडेला टेलिफोनचे प्रेषक मांडून तेथील गायन प्रदर्शनातील श्रोत्यांना ऐकविले. परंतु ते साठविण्याची सोय नव्हती. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायनेल मेपलसन यांनी १९०१–०३ या काळात प्रयोगांचे काही अंश मेणाच्या दंडगोलांवर मुद्रित केले. बेनी गुडमन यांच्या कार्नेगी हॉलमधील १९३८ च्या कार्यक्रमाचे मुद्रण वर टांगलेल्या एका मायक्रोफोनवरून झाले व १९५० मध्ये ते तबकड्यांच्या रूपाने प्रसिद्ध झाले. या मुद्रणांत ध्वनी हवेतूनच यंत्रापर्यंत पोहोचे. १९६० नंतरच्या दशकात रॉक संगीताबरोबर मोठी लाउडस्पीकर-यंत्रणा आली आणि मिश्रणफलकावरून सरळ ध्वनिफितीवर संकेत घेणे सुलभ झाले.

मात्र फलकावरील मिश्रण सभागृहासाठी केलेले असते, फितीसाठी नव्हे. लहान सभागृहात ढोल व गिटारचे विवर्धक श्रोत्यांना तसेच ऐकू येत असल्याने तंत्रज्ञ त्यांचा अंश फलकावर कमी ठेवतो. परिणामी फितीवर गायकाचा आवाज पुढे येतो आणि ढोल फिका पडतो. टाळ्या व सभागृहाचा निनाद तर जवळजवळ नसतोच. श्रोत्यांतील मायक्रोफोनचे दोष नेमके उलटे : वातावरण भरपूर, पण शब्द अस्पष्ट आणि शेजाऱ्याच्या गप्पा मात्र स्पष्ट.

या तंत्राच्या इतिहासात सॅन फ्रॅन्सिस्को परिसरातील ‘ग्रेटफुल डेड’ (स्थापना १९६५) या वाद्यवृंदाचे स्थान विशेष आहे. त्याचे ध्वनितंत्रज्ञ आउझ्ली स्टॅन्ली आपल्याच कामाची पारख करण्यासाठी कार्यक्रम मुद्रित करीत. ‘लाइव्ह/डेड’ (१९६९) या संग्रहासाठी सोळा मार्गांचे मुद्रणयंत्र वापरण्यात आले. प्रत्येक मार्ग स्वतंत्र असल्याने मिश्रण नंतर सावकाश करता येई; पण ही सोय खर्चिक होती. रसिकांनाही मुद्रणाची मुभा असे व १९८४ पासून त्यांच्यासाठी प्रेक्षागारात वेगळी जागा राखली जाऊ लागली. दशकाच्या अखेरीस डॅन हीली यांनी फलकाच्या संकेतात सभागृहातील मायक्रोफोनांचा ध्वनी मिसळण्याची पद्धत अवलंबिली.

यातील खरी अडचण वेळेची आहे. सु. २०° से. तापमानास ध्वनी हवेतून सेकंदाला सु. ३४३ मी. जातो, म्हणजे लाउडस्पीकरपासून ३० मी. दूरच्या मायक्रोफोनला तो सु. ८७ मिलिसेकंद उशिरा मिळतो, तर तारेतून येणारा संकेत तत्क्षणी हजर असतो. दोन्ही तसेच मिसळल्यास ढोलाचा प्रत्येक ठोका दुहेरी ऐकू येतो. म्हणून फलकाचा संकेत तितकाच विलंबित करावा लागतो. मायक्रोफोन रंगमंचाच्या काठावर ठेवल्यास हे अंतर मिलिसेकंदांवर येते, पण धोका टळत नाही : अशा अल्प अंतराने काही कंप्रता परस्परांना मारतात व स्वर पोकळ होतो. दोन निरनिराळ्या यंत्रांवर घेतलेल्या फितींची गती तंतोतंत सारखी नसल्याने सुरुवातीला जुळलेली मुद्रणे पुढे हळूहळू विलग होतात. संगणकामुळे ही दुरुस्ती आता घरबसल्या होऊ शकते. प्रमाण किती ठेवावे, हे मात्र कानानेच ठरवावे लागते.

मूळ फिती टिकणे हा याहून बिकट प्रश्न ठरला. याच वाद्यवृंदाच्या तंत्रज्ञ बेटी कँटर-जॅक्सन यांनी फलकावरून घेतलेल्या अनेक फिती १९८६ मध्ये एका साठवणगृहाच्या लिलावात परक्या हाती गेल्या. त्यांपैकी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधील ८ मे १९७७ च्या कार्यक्रमाचे मुद्रण नकलांच्या नकलांमधून सर्वत्र पसरले आणि रसिकांनी त्याला श्रोत्यांमधील मुद्रणांची जोड देऊन मिश्र आवृत्त्या केल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचीत ते २०११ च्या निवडीत समाविष्ट झाले. अधिकृत प्रकाशन मात्र मूळ फिती परत मिळाल्यावर २०१७ मध्ये झाले.