पनवेलचा वाक आणि कोकणातील उष्ण झरे

पनवेलच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या कड्यांत, बेसाल्टचे थर जवळजवळ आडवे दिसतात. पश्चिमेस मुंबईच्या बाजूला तेच थर समुद्राकडे कलत जातात. जे. बी. ऑडेन यांच्या १९४९ च्या लेखनापासून या वाकास पनवेलचे नाव चिकटले. याच पट्ट्यात वा त्याच्या आसपास गणेशपुरी, अकलोली, पालीजवळचे उन्हेरे, आणि दक्षिणेस रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे व तुरळ येथे उष्ण झरे आहेत. उन्हाच्या पाण्याची ही जागा गावांच्या नावांतच मुरलेली आहे.

हे पाणी येते कोठून? १९०२ साली कार्ल्सबाड येथील व्याख्यानात एडुआर्ड झ्यूस यांनी पावसाचे मुरलेले पाणी आणि भूगर्भातून प्रथमच वर येणारे 'नवजात' पाणी असा भेद केला. लाव्हाने घडलेल्या कोकणात दुसरी कल्पना मोहक वाटणे स्वाभाविक होते. परंतु दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा; त्याची ऊब आज उरणे अशक्य.

खोल उगमाच्या पाण्याची खरी खूण निमज्जन पट्ट्यांत सापडली. जपानसारख्या प्रदेशात सागरतळाचा भूपट्ट दुसऱ्याखाली उतरतो. सुमारे १०० किलोमीटर खोलीवर त्यातील जलयुक्त खनिजे मोडतात, आणि सुटलेले पाणी क्लोरिन, बोरॉन आदी द्रव्ये घेऊन वरच्या प्रावरणात शिरते. त्यामुळे तेथील खडकाचा द्रवणांक उतरतो व ज्वालामुखी जन्मतात. अशा बाष्पातील ऑक्सिजन स्थानिक पावसातील ऑक्सिजनपेक्षा जड असतो, हे गिगेनबाख यांनी १९९२ साली विस्ताराने मांडले. प्रावरणातील हेलियम-३ ही दुसरी साक्ष.

कोकणात या दोन्ही साक्षी मिळत नाहीत. मिनिसाले, मुंबई आयआयटीचे चंद्रशेखरम् व त्यांचे सहकारी यांच्या २००० सालच्या अभ्यासानुसार हे पाणी पावसाचेच; वायूंत नायट्रोजन प्रमुख, आणि हेलियम भूकवचातील युरेनियम-थोरियमच्या क्षयातून आलेला. देसाई व बर्ट्रांड (१९९५) आणि शेठ (१९९८) यांनी पनवेलच्या वाकाची उपपत्तीही भूकवचाच्या ताणातून व त्यातील प्रस्तरभंगांतून लावली आहे. भेगांतून काही किलोमीटर उतरलेल्या पावसाला तापण्यास पृथ्वीची नित्याची उष्णता पुरते.

अवघड प्रश्न उष्णतेचा नाही, खारेपणाचा आहे. क्लोराइड पाहून समुद्र आठवतो. मात्र समुद्रात विपुल असलेले मॅग्नेशियम येथे अत्यल्प. तेवढ्यावरून समुद्राचा संबंध नाकारणे उतावीळपणाचे ठरेल, कारण तप्त खडकाच्या संपर्कात मॅग्नेशियम मृदाखनिजांत अडकते व त्याच्या जागी कॅल्शियम पाण्यात उतरते. गणेशपुरी किनाऱ्यापासून बरीच आत आहे, ही हरकत त्याहून वजनदार आहे.