घरचा कारखाना : यंत्रमागाच्या रुग्णतेचे निदान आणि नूतनीकरणाचा क्रम

प्रथम तीन संज्ञांचे अर्थ निश्चित करू. ज्या उद्योगात भांडवल, श्रम आणि निर्णयाधिकार ही तिन्ही एकाच घरात एकवटलेली असतात, तो कौटुंबिक कारखाना. रुग्णता म्हणजे तोटा नव्हे. तोटा ही एखाद्या वर्षाची घटना असते. रुग्णता ही अवस्था असते. ज्या स्थितीत स्वतःच्या उत्पन्नातून आपली यंत्रे पूर्ववत राखण्याची शक्ती उद्योगात उरत नाही, ती ही अवस्था. एका मागाचे सुटे भाग काढून दुसरा माग चालवला जाऊ लागला, की हिशेबात नफा दिसत असला तरी रुग्णता सिद्ध झाली. आधुनिकीकरण म्हणजे प्रति मीटर खर्च, दोष व विलंब यांत टिकाऊ घट घडवणारा बदल. यंत्रखरेदी हे त्याचे एक साधन आहे, पर्यायी नाव नव्हे.

या विवेचनाला आधार म्हणून इचलकरंजीचा यंत्रमाग घेतला आहे. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातार यांनी 1904 मध्ये येथे पहिला यंत्रमाग सुरू केला, आणि पुढे गावाचा व्यवसायच तो झाला. येथील यंत्रमागधारक दोन प्रकारचे आहेत. पहिला स्वतः सूत घेऊन कापड विकतो. सूत व कापड या दोहोंच्या भावातील चढउतार त्याच्या अंगावर येतो. दुसरा खर्चीवाला. त्याला व्यापारी सूत किंवा बिम (ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ) देतो आणि प्रति पिक (आडवा धागा) मजुरी मोजतो. खर्चीवाल्याला भावाची जोखीम नाही, म्हणून भावातला लाभही नाही. त्याच्या हाती एकच गोष्ट उरते : माग किती काळ आणि किती निर्दोष चालतो. हा भेद न पाहता दोघांना एकच उपाय सुचवणे हा निदानातील सर्वांत मोठा दोष होय. पुढील विवेचन मुख्यतः खर्चीवाल्याविषयी आहे.

निदानाची पहिली पायरी गुप्त खर्च उघड करणे ही आहे. शेड स्वतःची असल्याने भाडे लिहिले जात नाही. वडील दिवाणजीचे काम करतात, धाकटा भाऊ जॉबरचे, घरातील स्त्रिया कांड्या भरतात. यांपैकी कोणाचेही वेतन वहीत येत नाही. परिणामी ज्या मजुरीला काम परवडते असे वाटते, ती मजुरी वस्तुतः घराच्या श्रमातून भरून निघत असते. अशा कारखान्याला व्यापारी फसवत नाही. कारखानाच स्वतःला फसवतो. म्हणून शेडचे बाजारभावाने भाडे, घरच्या प्रत्येक श्रमिकाचे त्या कामाच्या प्रचलित दराने वेतन आणि गुंतवलेल्या भांडवलावरील व्याज, हे तिन्ही खर्च मांडल्याशिवाय पुढील एकही निर्णय प्रमाण मानता येत नाही.

दुसरी पायरी थांबा मोजण्याची. मिनिटाला 120 पिक टाकणारा साधा माग व इंचाला 52 पिकांचे कापड घेऊ. मीटरात 39.37 इंच, म्हणून मीटरामागे सुमारे 2,047 पिक. तासाला 7,200 पिक, म्हणजे साडेतीन मीटर. 12 तासांच्या पाळीत खंड न पडता 42 मीटर. कार्यक्षमता 80 टक्के असेल तर हे सुमारे 34 मीटर होतात, 65 टक्के असेल तर 27. आता भाडे, व्याज, देखरेख असा स्थिर खर्च मागामागे पाळीला 60 रुपये मानला, तर पहिल्या स्थितीत मीटरावर 1 रुपया 78 पैसे पडतात, दुसऱ्या स्थितीत 2 रुपये 19 पैसे. फरक 41 पैशांचा. प्रति पिक 8 पैसे मजुरी, म्हणजे इंचातील प्रत्येक पिकामागे मीटरला 8 पैसे, धरली तर मीटरला 4 रुपये 16 पैसे मिळतात. म्हणजे मजुरीचा जवळजवळ दहावा भाग केवळ थांब्यांत जातो. हे आकडे उदाहरणापुरते असले तरी गणिताची रीत प्रत्येक शेडला लागू आहे.

थांब्यांची कारणे भिन्न आहेत आणि त्यांचे उपायही भिन्न. ताणा वारंवार तुटत असेल तर दोष सुतात किंवा सायझिंगमध्ये (ताण्याला खळ देण्यात). कांडी बदलण्यात वेळ जात असेल तर दोष मागांच्या वाटपात. बिम संपल्यावर माग दोन दिवस रिकामा राहत असेल तर दोष व्यापारी व सायझिंग यांच्याशी असलेल्या समन्वयात. या शेवटच्या कारणावर कोणतेही नवे यंत्र उपाय करू शकत नाही, आणि पुष्कळ शेडांत तेच कारण मुख्य असते. प्रत्येक मागावर एक कागद लटकवून महिनाभर थांब्याची वेळ व कारण लिहिणे, एवढाच या पायरीचा खर्च.

तिसरी पायरी वसुलीची. सूक्ष्म व लघु उद्योगांविषयीच्या 2006 च्या कायद्यानुसार लेखी कराराने ठरलेली देयकाची मुदतही 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या आयकर तरतुदीने अशी थकबाकी प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत देणाऱ्याला खर्चाची वजावट मिळेनाशी झाली. तथापि उद्यम नोंदणी नसेल तर व्याजाचा हा अधिकार मिळण्यात अडचण येते, आणि सर्व माग एकाच व्यापाऱ्याच्या कामावर असतील तर तो मिळूनही वापरता येत नाही. म्हणून काम किमान दोन-तीन व्यापाऱ्यांत विभागणे हे वसुलीचेच अंग समजावे.

या तिन्हींनंतर यंत्राचा प्रश्न येतो. धोटाविरहित माग अधिक वेगाने चालतो, पण ताण्यावर अधिक ताण देतो. साध्या मागाला चालणारे सूत व सायझिंग त्याला चालेलच असे नाही. शिवाय हप्त्याचे गणित कठोर आहे. मागामागे हप्ता दिवसाला 500 रुपये, वेग मिनिटाला 300 पिक, कापड 60 पिकांचे, कार्यक्षमता 85 टक्के असे माना. 20 तास चालल्यास सुमारे 130 मीटर कापड निघते व मीटरावर 3 रुपये 86 पैशांचा हप्ता पडतो. 10 तासच काम मिळाल्यास तो दुप्पट होतो. म्हणून खरेदीपूर्वी विचारायचा प्रश्न किमतीचा नसून दिवसाला 20 तासांचे काम कोण देणार, हा आहे.

निर्णयाधिकाराचे विभाजन ही खरेदीपूर्वीची चौथी पायरी सर्वांत अवघड, कारण ती गणिताने सुटत नाही. धनादेशावर सही वडिलांची आणि मागाची जाण मुलाची, अशी स्थिती असेल तर प्रत्येक सुधारणा अर्ध्यावर थांबते. येथे मालकीचा हिस्सा, कामाचे वेतन आणि खर्चाची मर्यादा या तीन गोष्टी लेखी व परस्परांपासून अलग ठेवाव्यात. भागीदारीत देणे घरापर्यंत पोहोचते. मर्यादित दायित्व भागीदारीने ते रोखले जाते, परंतु कर्जासाठी वैयक्तिक हमी दिली की तेवढ्या कर्जापुरते ते रक्षण संपते. ज्या भावाला हे मान्य नाही त्याची वाटणी यंत्रखरेदीपूर्वी व्हावी. हप्ता सुरू झाल्यावर झालेल्या वाटणीत माग वाटले जातात, कर्ज वाटले जात नाही, कारण हमी दिलेल्या प्रत्येक भावाकडे बँक संपूर्ण रक्कम मागू शकते.

चारही पायऱ्या प्रामाणिकपणे पार केल्यावरही काही शेडांचे उत्तर नकारार्थी येते : खरा खर्च मजुरीपेक्षा अधिक, थांबे किमान पातळीवर आलेले, वसुली वेळेवर, आणि दिवसाला 20 तासांचे काम देणारा कोणी नाही. तेथे प्रथम कामगारांची देणी, नंतर वीज व बँक, या क्रमाने चुकती करून माग विकावेत, आणि हे सर्व, माग भंगाराच्या वजनाने जाण्याआधी, चालत्या स्थितीत विकले जातील अशा वेळी करावे.