नवी मुंबई : खाडीकांठच्या नगराचें देणें

नगर वसतें तेव्हां भूमीचें रूप पालटतें, हा इतिहासाचा जुना नियम आहे. मुंबई हीच मुळीं सात बेटांमधील उथळ खाड्या बुजवून उभी राहिली. तिच्यावरील लोकवस्तीचा भार हलका व्हावा यासाठीं खाडीपलीकडे नवें नगर वसवावें, अशी सूचना १९६५ मध्यें चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं केली. १९७० मध्यें सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ९५ गांवांचा सुमारें ३४४ चौरस किलोमीटरांचा प्रदेश नव्या नगरासाठीं मुक्रर करण्यांत आला.

हा प्रदेश ओसाड नव्हता. पूर्वेस डोंगर, त्यांच्या पायथ्याशीं भातशेती, त्यापुढें मिठागरें आणि खाडीच्या कडेस चिखलांत उभी असलेली तिवरांची राई, असा त्याचा क्रम होता. आगरी व कोळी समाजानें मातीचे बांध घालून पिढ्यान्‌पिढ्या खाऱ्या पाण्यापासून शेतें राखलीं होतीं. बांधांत बसविलेली उघाडी भरतीच्या दाबानें आपोआप मिटे व ओहोटी लागली कीं पावसाचें सांचलेलें पाणी बाहेर सोडी.

नगराच्या शिल्पकारांपुढेंही तोच प्रश्न उभा राहिला. सखल भागाची पातळी मोठ्या भरतीच्या पातळीहून खालीं होती. सर्व जमीन भर घालून उंच करावी, तर डोंगरच्या डोंगर खणावे लागले असते. म्हणून हॉलंडमधील पद्धतीप्रमाणें बांध, झडपा व धारण तलाव यांची योजना झाली. भरतीच्या वेळीं पावसाचें पाणी तलावांत थोपवावयाचें व ओहोटीस खाडींत सोडावयाचें, ही युक्ति म्हणजे जुन्या उघाडीचेंच विशाल रूप होय. परंतु एक भेद राहिला. भाताचें शेत गुडघाभर पाणी आनंदानें धरून ठेवतें. छप्पर व डांबरी रस्ता तें क्षणभरही धरीत नाहींत. पाऊस पूर्वीइतकाच पडला तरी गटारांत येणारें पाणी अधिक असतें व तें अधिक वेगानें येतें. हा दोष कोणा एकाच्या हलगर्जीपणाचा नाहीं; घर बांधलें कीं तो येणारच.

पुढें तलावांत भरतीनें गाळ आणला, गाळांत तिवरांचें बीं रुजलें आणि पाणी धरण्याची जागा आकुंचित होत गेली. मुंबई उच्च न्यायालयानें ऑक्टोबर २००५ मध्यें तिवरांच्या तोडीस मनाई केली व सप्टेंबर २०१८ मध्यें त्यांचें रक्षण करण्याचें कर्तव्य राज्यावर कायमचें सोंपविलें. तेव्हांपासून तलावांतील गाळ काढावयाचा तर न्यायालयाची परवानगी मिळवावी लागते. खाडीचें हित व घरांची सुरक्षितता हीं दोन्हीं योग्य उद्दिष्टें एकाच तलावांत परस्परांच्या आड आलीं.

नगराचें देणें त्याच्या सीमेशीं थांबत नाहीं. भिंतींसाठीं व रस्त्यांसाठीं पारसिकच्या डोंगरांतून दगड काढला गेला. फोडलेला डोंगर पुन्हा उगवत नाहीं. नवी मुंबईच्या नळांस येणारें पाणी खालापूर तालुक्यांतील मोरबे येथें धावरी नदीवर बांधलेल्या धरणांतून येतें. त्या जलाशयाखालीं एका दूरच्या खोऱ्याची जमीन गेली. शेतकऱ्यांनीं तर आपली भूमीच दिली. भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या आंदोलनांत १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं उरण तालुक्यांत गोळीबार होऊन ५ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांस देण्याचें धोरण आलें.

लक्षावधि कुटुंबांस निवारा मिळाला, हा लाभ लहान नाहीं. तथापि ‘अपरिहार्य’ हा शब्द उच्चारला म्हणजे हिशेब संपला, असें मानण्याकडे नगररचनाकारांचा कल असतो. वस्तुतः हिशेब तेथूनच सुरू व्हावयास हवा. जी हानि टाळतां येत नाहीं, ती कोण सोसणार व तिची भरपाई कोण करणार, हें पहिली वीट बसण्यापूर्वी ठरलें पाहिजे. आगरी शेतकरी दरवर्षीं पावसाळ्याआधीं बांध तपासून दुरुस्त करीत. कारण खाडीशीं केलेला करार एकदांच करून भागत नाहीं, हें तो जाणून होता. नव्या नगरासही तो करार चुकलेला नाहीं.