अंगणवाडी आणि कुरणशाळा : बोर्डी-कोसबाडच्या प्रयोगाचे मर्म

पर्यायी शाळांच्या इतिहासात स्थापनेस जितके महत्त्व दिले जाते तितके संचालनास दिले जात नाही. वस्तुतः वेगळी शाळा काढणे हे एक कार्य. ती ज्यांच्यासाठी काढली त्यांच्यापर्यंत पोचविणे हे दुसरे व अधिक बिकट कार्य होय. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांचा बोर्डी-कोसबाड येथील प्रयोग या दृष्टीने अभ्यसनीय आहे. लासलगाव परिसराशीही त्याचा एक धागा जुळतो. लासलगाव ज्या निफाड तालुक्यात मोडते त्याच तालुक्यातील चांदोरी येथे अनुताईंनी १९२९ पासून काही वर्षे शिक्षिकेचे काम केले होते.

या प्रयोगाची पूर्वपीठिका गुजरातेत आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. ताराबाई तेथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरी पद्धतीची बालमंदिरे मात्र मुख्यतः शहरांतील सुस्थित कुटुंबांपुरतीच राहिली. त्यांची साधनेही महाग होती. ही पद्धती खेड्यास परवडेल काय, हा प्रश्न घेऊन १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र उघडण्यात आले व अनुताई त्यात सहभागी झाल्या.

बोर्डीत पहिली अडचण अध्यापनाची नव्हती, उपस्थितीची होती. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. तेव्हा बालवाडीच वस्तीतील अंगणात भरविण्यात आली. ‘अंगणवाडी’ ही संज्ञा येथूनच रूढ झाली. मुलांना स्वच्छ करणे हाही शिक्षणाचाच भाग ठरला. विकतच्या साधनांची जागा शिंपले, खडे, बिया व पाने यांनी घेतली.

१९५७ च्या सुमारास केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या परिसरात गेले. येथील अडचण निराळी होती. थोरल्या मुलास गुरे राखावी लागत आणि थोरल्या मुलीस धाकटी भावंडे सांभाळावी लागत. म्हणून ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र जोडण्यात आली. भावंड पाळणाघरात राहिले की बहीण वर्गात बसू शके. गुराख्यांसाठी शिक्षक साहित्य घेऊन माळावर जात, हीच कुरणशाळा. मुलांच्या अनुपस्थितीचा दोष पालकांच्या अनास्थेवर न लादता तो शाळेच्या रचनेत शोधला गेला, हे या प्रयोगाचे मर्म होय.

१९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ‘अंगणवाडी’ हे नाव स्वीकारले आणि ते देशभर पोचले. पोषण व आरोग्य यांच्या दृष्टीने या योजनेचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि नाव शासकीय आदेशाने पसरविता येते. वस्तीगणिक अडचण ओळखून शाळेचे स्थळ, वेळ व साधने बदलण्याची वृत्ती तशी पसरविता येत नाही. तिच्यासाठी प्रशिक्षित आणि निर्णयाचे स्वातंत्र्य असलेला शिक्षक लागतो. कोसबाडच्या कार्यात शिक्षक-प्रशिक्षणास जे स्थान मिळाले त्याचे कारण हेच.

लासलगावसारख्या कांद्याच्या बाजारपेठेच्या परिसरात एखाद्यास अशी शाळा काढावयाची झाल्यास अंगण वा कुरण यांचे अनुकरण उपयोगी पडणार नाही. हंगामात आईबाप शेतात वा बाजारात राबत असता मूल कोठे असते, हे आधी पाहावे लागेल. शाळेची जागा व वेळ त्या उत्तरातूनच ठरेल.