हायडेलबर्गचा बिनपगारी डॉक्टर

मनोविकार म्हणजे मेंदूचा विकार, एवढ्यावर एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन मनोचिकित्सेचा डोलारा उभा होता. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या चिकित्सालयाचे प्रमुख फ्रान्झ निस्ल यांची ख्यातीही चेतापेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या पद्धतीसाठी होती. त्यांच्या हाताखाली 1909 च्या सुमारास कार्ल यास्पर्स बिनपगारी मदतनीस झाला. श्वासनलिकांच्या जुनाट दुखण्यामुळे त्याला नेहमीची नोकरी झेपत नसे. सक्तीने मिळालेली ही सवड त्याने वाचण्यात आणि रुग्णांशी बोलण्यात घालवली. 1913 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याचे 'सामान्य मनोविकृतिशास्त्र' प्रसिद्ध झाले.

त्यातला मुख्य भेद साधा आहे. तापाच्या भरात माणूस बरळतो, तेव्हा आपण कारण शोधतो. तरुण मुलगा गेल्यावर आई अबोल होते, तेव्हा मात्र कारण शोधावे लागत नाही; तिच्या जागी स्वतःला ठेवले की कळते. पहिले स्पष्टीकरण, दुसरे आकलन. मेंदूविषयीच्या तत्कालीन घाऊक तर्कांना यास्पर्सने 'मेंदूची पुराणे' म्हटले आणि रुग्ण स्वतः काय सांगतो ते टिपण्याला शास्त्राचा दर्जा दिला. नीतीच्या अंगाने पाहता हे पाऊल मला फार मोठे वाटते.

पण पुढे त्याने एक रेघ ओढली. स्किझोफ्रेनियातले मूळ भ्रम आकलनापलीकडचे असतात. तिथे आत शिरता येत नाही, बाहेरून कारणेच शोधावी लागतात. ही डॉक्टरच्या मर्यादेची कबुली होती, रुग्णाच्या माणूसपणाचे मोजमाप नव्हते. तरी 'अनाकलनीय' हा शिक्का एकदा कपाळी बसला, की ऐकणाराला उठून जायला सबब मिळते. कबुलीची सबब कधी होते, हे पुस्तकात कुठेच सांगितलेले नाही.

1922 मध्ये यास्पर्स तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला. त्याच वर्षी, त्याच चिकित्सालयात जमवलेल्या रुग्णांच्या चित्रांवर हान्स प्रिन्झहॉर्नचा गाजलेला ग्रंथ निघाला. त्यातला एक चित्रकार, फ्रान्झ कार्ल ब्यूलर, 1940 मध्ये ग्राफेनेक येथे विषारी वायूने मारला गेला. 1933 च्या कायद्याने सुमारे चार लाख माणसांची सक्तीने नसबंदी झाली. पुढे ऑगस्ट 1941 पर्यंत सत्तर हजारांहून अधिक रुग्ण वायूने मारले गेले. कोणाला मारायचे हे ठरवणाऱ्या तज्ज्ञांत कार्ल श्नायडर होता. तो 1933 पासून याच हायडेलबर्ग चिकित्सालयाचा प्रमुख. कामातून उपचार करणारा म्हणून त्याचे नाव होते, हे विसरू नये. तो अडाणी कसाई नव्हता.

यास्पर्स स्वतः तेव्हा पाण्यात होता. पत्नी गेर्ट्रूड ज्यू, म्हणून 1937 मध्ये प्राध्यापकी गेली, पुढे लिखाणावर बंदी आली. दोघांनी विष जवळ बाळगले होते. त्यांना नेण्याची तारीख 14 एप्रिल 1945 ठरली होती. अमेरिकन सैन्य त्याआधी दोन आठवडे शहरात आले.

1946 मध्ये त्याने जर्मनांच्या अपराधाची फोड केली: गुन्हेगारी, राजकीय, नैतिक आणि चौथा, इतर मारले जात असताना आपण जिवंत राहिलो हा. त्याच वर्षी श्नायडरने तुरुंगात गळफास घेतला. मनोविकृतिशास्त्राची वाढवलेली चौथी आवृत्तीही त्याच वर्षी निघाली. तिच्यात माणूस नावाच्या समग्रतेवर पुष्कळ नवी पाने आहेत. अनाकलनीयाची रेघ मात्र 1913 मध्ये होती तिथेच आहे.